बाईंचा स

शाळेच्या हातपंपाचा दांडा माझ्या ओल्या हातातून सुटला, वर उसळला आणि थेट तोंडावर बसला. त्या क्षणी दुखलं नाही. मी खाली बसले, पदर तोंडाला लावला. मधली सुट्टी चालू होती, त्यामुळे सगळी शाळा माझ्याभोवती जमा झाली. थोड्या वेळाने दोन मुली सागाच्या पानात काहीतरी घेऊन आल्या.

"बाई, तुमचे दात सापडले."

पानात माझे वरचे दोन दात होते, पंपावर स्वच्छ धुऊन आणलेले. तिसरा दात अर्धा तुटून हिरडीतच राहिला होता, तो नंतर काढावा लागला.

मी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग शिकवत होते. राहायला डहाणूला. नवऱ्याची चिकूची वाडी आहे, किनाऱ्याच्या बाजूला. रोज सकाळी एसटीने तलासरीपर्यंत जायचं आणि तिथून पुढे शेअर रिक्षाने पाड्यावर. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. दात मात्र निवृत्तीनंतरही पुरतील असं मी धरून चालले होते.

डहाणूत एक तरुण दातांच्या डॉक्टर आहेत. मी त्यांच्याकडे पोचले तोवर पानातले दात पार सुकून गेले होते. त्यांनी एक्स-रे काढला, बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, "बाई, हे परत बसणार नाहीत. हाडालाही मार लागलाय. शेजारचे दात हलतायत, त्यांना घासून त्यांच्यावर ब्रिज बसवला तर तेही जातील. तुम्हाला काढता-घालता येणारे दात बसवू."

"म्हणजे कवळी?"

"अर्धी कवळी म्हणा. तुमची उजवीकडची एक दाढ आधीच गेलेली आहे, तिचाही दात त्यातच घेऊ."

मला आधी रडायला आलं आणि मग लगेच हसायला, कारण "कवळी" हा शब्द माझ्या तोंडून "कवई"सारखा आला होता. तोंड सुजलेलं, ओठ जाड झालेला. घरी गेल्यावर नवरा म्हणाला, "चिकू खायला दात लागतातच कुठे?" तो मला धीर देत होता हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याच्याशी त्या रात्री बोलले नाही. खरं तर बोलायची लाजच वाटत होती.

जखम भरायला वेळ लागणार होता. तोपर्यंत शाळेत जाता यावं म्हणून डॉक्टरांनी एक कामचलाऊ प्लेट करून दिली. गुलाबी, जाडसर, सगळा टाळू झाकणारी. दोन बाजूंना तारेचे आकडे आणि पुढे तीन दात. आरशात बघितलं तर मी पुन्हा मी दिसत होते. बोलायला लागले तर तोंडात कुणीतरी दुसरंच बोलत होतं.

"जिभेला सवय होईल," डॉक्टर म्हणाल्या. "मोठ्याने वाचत जा."

मी एसटीत खिडकीला तोंड करून अक्षरं घोकायचे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या देवळाजवळ गाडी येईपर्यंत माझी बाराखडी दोनदा होऊन जायची. शेजारची बाई मी देवाचं काहीतरी म्हणतेय असं समजून गप्प बसायची. घरच्यांना, शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेला, दुकानदाराला माझं बोलणं हळूहळू बरं वाटायला लागलं. "आता फरक काही कळत नाही हो," असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग मी श्रुतलेखन घेतलं.

साधेच शब्द होते. ससा, साखर, फणस, साल, चिंच. मुलांनी पाट्या वर केल्या आणि मी वाचत गेले. शशा. शाखर. फणश. शाल. चिंश. मी पहिल्या रांगेतल्या मुलावर चिडले, मग दुसऱ्यावर, आणि तिसऱ्या पाटीपाशी येऊन थांबले. सगळ्यांची चूक एकच कशी? एकमेकांचं बघून लिहिलं असेल म्हणावं, तर कोपऱ्यात एकटा बसलेला मुलगाही "शशा"च लिहून मोकळा झाला होता.

आमच्या मुलांच्या घरी वेगळी बोली बोलतात. शाळेतली मराठी त्यांना माझ्याकडूनच मिळते. चिंचेचं झाड शाळेच्या मागेच आहे, मुलं त्यावर चढतात, पण "चिंच" हा शब्द माझा. डहाणूच्या दुकानदाराला मी "शाखर" म्हटलं तरी त्याच्या डोक्यात साखर तयार असते, तो आपोआप दुरुस्त करून घेतो. माझ्या मुलांकडे दुरुस्त करायला काहीच नव्हतं. त्यांनी जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिलं होतं. मला घरीदारी कुणी सांगितलं नव्हतं ते त्या पाट्यांवर खडूने लिहिलेलं होतं.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला भलतीच उत्सुकता लागली. दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या दाराआड जाऊन प्लेट काढून ठेवली, रुमाल तोंडापुढे धरला आणि तेच शब्द पुन्हा सांगितले. यावेळी पाट्यांवर आलं: थथा, थाखर, फणथ, थाल, चिंथ. म्हणजे दात नसताना जीभ बाहेर सटकत होती आणि प्लेट असताना तिला पुढे जागाच मिळत नव्हती, म्हणून ती मागे सरत होती. मी दोन्ही वेळच्या पाट्यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि शनिवारी शाळा सुटल्यावर थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी फोटो एकेक करून मोठे करून पाहिले. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"बाई, पेशंट मला फक्त सांगतात, बोलताना कसंतरीच वाटतं. कुठलं अक्षर, कुठे अडतं, हे कुणाला सांगता येत नाही. मलाही ऐकून नीट पकडता येत नाही, कारण मला शब्द माहीत असतो. हे भारी आहे!"

"पण माझ्या पोरांचं काय? ती चुकीचं शिकतायत."

"हो, ते थांबवायलाच हवं. आता जखम भरलीय. चला, खरी कवळी आखू या."

आखू या म्हटल्यावर मला वाटलं, माप घेतील आणि पुढच्या आठवड्यात दात देतील. त्यांनी माप घेतलं, पण पुढच्या खेपेला माझ्यासमोर माझ्याच तोंडाचा प्लास्टरचा साचा आणून ठेवला. स्वतःचा टाळू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पुढच्या दातांच्या मागे वाळूवर लाटा उमटाव्यात तशा वळ्या होत्या. साचा एका छोट्या तबकडीवर बसवलेला होता, आणि वरून एक उभी दांडी खाली येत होती. दांडीच्या टोकाला पेन्सिलीचं शिसं.

डॉक्टरांनी साचा फिरवत दांडी एका दाढेला टेकवली. शिसं दाढेभोवती फिरलं आणि एक रेघ उमटली.

"ही रेघ दाढेच्या सगळ्यात फुगीर भागावर आलीय. आकड्याचं टोक या रेघेच्या पलीकडे, हिरडीच्या बाजूला जाऊन बसलं की प्लेट सहजासहजी खाली येत नाही."

"मग सगळ्याच दातांना आकडे लावा की. घट्ट बसेल."

"प्रत्येक वेळी काढता-घालताना आकडा दाताला ओढतो. तुमचा हा पुढचा सुळा आधीच जरा हलतोय. त्याला आकडा लावला तर वर्षभरात तोही आपल्या हातात येईल. शिवाय आकडा असेल तिथे अन्न अडकणार. जितके कमी आकडे, तितकं बरं. फक्त योग्य दातांना हवेत."

त्या साचा थोडा पुढे झुकवून पाहत होत्या, मग थोडा मागे, मग डाव्या बाजूला. प्रत्येक वेळी शिशाची रेघ वेगळीकडून जात होती. मी विचारलं, हे असं का चाललंय. त्या म्हणाल्या, प्लेट तोंडात जायची वाट एकच असायला हवी, आणि ती सगळ्या दातांना सोयीची असायला हवी. एका दाताला सोयीची वाट दुसऱ्याला आडवी येते, म्हणून झुकवून झुकवून मधली शोधायची.

"आणि बाई, ती खाली येऊ नये एवढंच पुरत नाही. चावताना ती हिरडीत रुतायला नको. म्हणून या दोन दाढांच्या माथ्यावर मी अगदी बारीक खोलगट जागा करणार. तिथे धातूचं बोट टेकेल. भार दाढ घेईल, हिरडी नाही."

"चांगल्या दाढेला खड्डा पाडणार?"

"तांदळाच्या दाण्याएवढा. वरच्या कवचातच."

शिक्षिकेला प्रश्न विचारणारं पोर आवडतं असं म्हणतात, पण मी इतके प्रश्न विचारत होते की बाहेर बसलेल्या पेशंटने दोनदा दार उघडून पाहिलं. डॉक्टर मात्र कंटाळल्या नाहीत. त्यांनी कागदावर टाळू काढला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तुमच्या पाट्यांवरून सांगा, तुमची जीभ कुठे अडते?"

मी डोळे मिटून मनात "ससा" म्हटलं. जीभ पुढच्या वळ्यांपाशी जात होती. प्लेटचा जाड भाग नेमका तिथेच होता. मी कागदावर तिथे गोल केला. मग "कवळी"तला ळ आठवला. "बाळ", "केळं" म्हणून पाहिलं तर जीभ वळून टाळूच्या मध्याच्या पुढे लागत होती. तिथे दुसरा गोल.

"म्हणजे या दोन्ही जागा शक्य तितक्या मोकळ्या ठेवायच्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः काढायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंच्या दाढांना जोडणारी धातूची पातळ पट्टी टाळूवरून आडवी, दुसऱ्या गोलाच्या बरीच मागे. तिच्यापासून दोन्ही कडांनी, दातांना धरून, पुढे जाणारे दोन हात. त्या हातांवर पुढचे तीन दात आणि उजवीकडची ती दाढ. "पुढे थोडं झाकावं लागेलच, नाहीतर दात उभे कशावर राहणार? पण हे धातूचं, कागदासारखं पातळ होईल."

मी त्या रेघांकडे पाहत होते. चार दात बसवायला निघालेली ही बाई त्या चार दातांबद्दल जवळजवळ बोललीच नव्हती. सगळं बोलणं राहिलेल्या दातांबद्दल चाललं होतं. मी तसं म्हटलं तर त्या हसून म्हणाल्या, "गेलेल्यांचं शेवटी बघायचं. आधी जे उरलेत त्यांना जपायचं."

धातूचा सांगाडा वापीच्या लॅबमध्ये ओतून आला. त्यावर दात मेणात बसवलेले. आता ते तोंडात घालून बघायचे, आणि पसंत पडले की मगच मेणाच्या जागी पक्कं करायचं. डॉक्टरांनी दवाखान्यात माझ्याकडून शब्द म्हणवून घेतले. मला ठीक वाटलं, त्यांनाही ठीक वाटलं.

"आपल्या दोघींना शब्द माहीत आहेत," मी म्हटलं.

"हो ना. तुमची शाळा शनिवारी सकाळची असते?"

तर अशा रीतीने एका शनिवारी डहाणूच्या डॉक्टर माझ्याबरोबर पाड्यावर आल्या. मेण उन्हाने मऊ होऊ नये म्हणून दात थंड पाण्याच्या डब्यात, डबा त्यांच्या मांडीवर, आणि रिक्षा खड्ड्यात आदळली की दोन्ही हात डब्यावर. मुलांना मी आधीच सांगितलं होतं, आज एक पाहुण्या येणार, तुम्ही फक्त ऐकू येईल ते लिहायचं. चूक-बरोबर काही नाही.

मी सांगत गेले, मुलं लिहीत गेली. डॉक्टर रांगांमधून फिरून पाट्या बघत होत्या आणि मी त्यांचा चेहरा. ससा झाला, त्यांनी मान हलवली. साखर, फणस, साल. मान हलतच होती. चिंच म्हटलं आणि त्या थांबल्या. मी जाऊन पाहिलं. बहुतेक पाट्यांवर "चिंस" होतं.

आता चिंच हा मोठा खट्याळ शब्द आहे. लिहायला दोन्ही च सारखे, पण बोलायला पहिला च चिमणीतला आणि दुसरा चमच्यातला. दुसऱ्यासाठी जीभ पुढे येऊन दातामागे क्षणभर पूर्ण टेकावी लागते आणि मग सुटते. माझी जीभ टेकायच्या आधीच वाऱ्याला वाट मिळत होती.

डॉक्टर व्हरांड्यात उकिडव्या बसल्या. पिशवीतून लायटर आणि छोटी सुरी काढली, सुरी गरम करून मधल्या दोन दातांखालचं मेण मऊ केलं आणि दात जरासे, अगदी जरासे आत घेतले. सगळा वर्ग दाराशी गोळा झाला.

"बाईंचे दात भाजताय?" एका मुलीने विचारलं.

"नाही गं, सरळ करतेय. तुमच्या पाट्यांनी सांगितलं ते ऐकतेय."

मी तोंडावर हात धरून उभी होते. मग वाटलं, लपवायचं काय? ही सगळी पोरं माझे दात मातीतून शोधणारीच होती. मी हात काढला. एकदोघं हसली आणि मग सगळ्यांचं लक्ष पुन्हा लायटरकडे गेलं.

दुसऱ्या वेळी पाट्यांवर "चिंच" आली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनीही वाजवल्या, कशासाठी ते न कळताच.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पण बाई, त्या दुसऱ्या रांगेतल्या मुलीचं काय? तिने पहिल्यांदाही चिंचच लिहिलं होतं."

मला ती आठवली. दुसरीतली, शांत मुलगी. मी मोबाइल काढून जुने फोटो पाहिले. तिची पाटी दोन्ही वेळा बरोबर होती. प्लेट असताना साखर, दात नसतानाही साखर. मी ते तेव्हा पाहिलंच नव्हतं, माझं सगळं लक्ष चुकांकडे होतं. आम्ही तिला बोलावलं.

"तुला बाईंचं बोलणं सगळं बरोबर कसं कळतं?"

असा काही प्रश्न असू शकतो याचंच तिला नवल वाटत असावं. मग म्हणाली, "माझी आजी असंच बोलते. तिला दात नाही."

डॉक्टरांचे डोळे चमकले. "आजी कुठे असते?"

घर शाळेच्या मागेच होतं. मुलगी पळत गेली आणि आजीला घेऊनच आली. आजी बारीक, ताठ, खाली दोनच दात. तिला तिच्या नातीने वाटेतच सगळं सांगितलं असावं, कारण तिने आल्याआल्या डब्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी सांगाडा तिच्या तळहातावर ठेवला. आजीने तो उलटा केला, पट्टीवरून बोट फिरवलं, आकडा नखाने हळूच वाजवून पाहिला आणि नातीला काहीतरी विचारलं.

"आजी विचारते, याने भाकरी तुटते का?"

"पुढच्या दातांनी तोडायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुकडे करून मागच्या दाढांनी खायची."

नातीने सांगितलं. आजी हसली, सांगाडा परत देत आणखी काही बोलली.

"आजी म्हणते, तुकडे करून तर मी आत्ताही खाते."

डॉक्टरही हसल्या. तरी त्यांनी आजीला व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि आत पाहिलं. दोनांपैकी एका दाताची हिरडी सुजली होती. "हा दुखत असणार," त्या म्हणाल्या. आजीने कबूल केलं. पुढच्या आठवड्यात तिला मुलाने डहाणूला आणलं, दात साफ झाला, औषध मिळालं, दुखणं थांबलं. कवळी तिने करून घेतली नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तिने दोनदा नाही म्हटलं.

माझी कवळी पक्की होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस डावीकडचा आकडा गालाला टोचत होता. तो डॉक्टरांनी थोडा आत वळवला. रात्री काढून पाण्यात ठेवायची, सकाळी ब्रशने घासायची, नवऱ्याने टेबलावरचा डबा उघडायचा नाही, असे नियम घरात लागू झाले. पेरू मी आता सुरीने कापून खाते. फार जोरात हसले तर अजूनही प्लेट किंचित हलल्यासारखी वाटते, मग जीभ आपोआप वर जाऊन तिला धरते. शाळेत श्रुतलेखन घेतलं. ससा, साखर, फणस, साल, चिंच. सगळं जागच्या जागी होतं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. कामचलाऊ प्लेटच्या दिवसांत मी एक धडा शिकवला होता, घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांचा. त्यात सुगरण होती. हा पक्षी मुलांना ओळखीचा, पण हे नाव त्यांना माझ्याच तोंडून पहिल्यांदा मिळालं, आणि ते मिळालं "शुगरण" म्हणून. साखर, साल यांसारखे शब्द पुन्हा पुन्हा येत राहिले आणि सुधारले. सुगरण धड्यात एकदाच आली आणि तशीच राहून गेली. मी फळ्यावर लिहून दाखवलं, म्हणून घेतलं. वर्गात मुलं सुगरण म्हणायची. बाहेर झाडाखाली उभी राहून घरटं दाखवताना एकमेकांना सांगायची, "ते बघ, शुगरणीचं."

पुढच्या वर्षी ती मुलं तिसरीत गेली, दुसऱ्या शिक्षिकेच्या वर्गात. एक दिवस मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या.

"या मुलांचं मराठी चांगलं आहे हो. फक्त सुगरणीला शुगरण म्हणतात, सगळीच्या सगळी. इथल्या बोलीत तसं म्हणतात का?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. सांगायला बराच वेळ लागणार होता.